उन्हाळी ब्लॉकबस्टर: सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट कसे निवडावेत

हॉलिवूडच्या उन्हाळी चित्रपटांची यादी करायला बसलेला माणूस बहुधा तिकीटखिडकीचे आकडे समोर ठेवतो, ज्याने गल्ला भरला त्याला वर आणि जो आपटला त्याला खाली बसवतो आणि मोकळा होतो. आकडे खरे असल्यामुळे अशा यादीला कोणी हरकत घेत नाही. पण ती व्यापाऱ्याची यादी असते, प्रेक्षकाची नव्हे. प्रेक्षकाने प्रत्येक चित्रपटाला वेगळाच प्रश्न विचारायला हवा: पडद्यावर जे प्रचंड काही घडते आहे, त्याची झळ त्यातल्या माणसांना बसते का, आणि ती झळ आपल्यापर्यंत पोहोचते का? उन्हाळी चित्रपट भव्यतेचे वचन देऊनच तिकीट विकतो, त्यामुळे तो भव्य आहे म्हणून त्याला हिणवण्यात अर्थ नाही आणि भव्य आहे एवढ्यासाठी डोक्यावर घेण्यातही नाही. भव्यता कोणाच्या तरी वाट्याला आलेली दिसली, की चित्रपट उत्तमाच्या बाजूला झुकतो. ती नुसतीच पडद्यावर पसरलेली दिसली, की दुसऱ्या बाजूला. पुढची सगळी कृती या एका प्रश्नासाठी आहे.

आधी हद्द आखून घ्यावी. अमेरिकेत हा हंगाम मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे तिकडच्या कामगार दिनाला, संपतो असे चित्रपट व्यवसायात धरले जाते. पूर्वी त्याची सुरुवात मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेच्या सुटीपासून मानत असत. उन्हाळा हा चित्रपटगृहांसाठी मुळात सुगीचा काळ नव्हता. बंद दालनात उकाड्यात बसायला कोण येणार? १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात विलिस कॅरियर यांची वातानुकूलन यंत्रणा बसली, हळूहळू इतरांनीही तिचे अनुकरण केले आणि लोक गारव्यासाठी तरी आत येऊ लागले. तरीही आपण आज ज्याला उन्हाळी ब्लॉकबस्टर म्हणतो त्याची रीत पडली ती २० जून १९७५ रोजी, जेव्हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ टीव्हीवरच्या जाहिरातींचा धडाका लावून एकाच दिवशी ४०० हून अधिक चित्रपटगृहांत लागला. दोन वर्षांनी, २५ मे १९७७ रोजी आलेला ‘स्टार वॉर्स’ मात्र पहिल्या दिवशी अवघ्या ३२ ठिकाणी होता. यादी १९७५ पासून सुरू करावी हे सोयीचेही आहे आणि न्याय्यही.

तारखेच्या बाबतीत थोडे कडक राहावे. ‘द मेट्रिक्स’ कितीही आवडता असला तरी तो ३१ मार्च १९९९ चा आहे, त्यामुळे तो यादीबाहेर. ‘टायटॅनिक’ जुलै १९९७ मध्ये यायचा होता, काम लांबल्यामुळे तो डिसेंबरमध्ये आला. ठरलेल्या तारखेवर जाऊन त्याला आत घेण्याचा मोह आवरावा. ‘अॅव्हेंजर्स: एंडगेम’ २६ एप्रिल २०१९ चा असला, तरी त्याला आत घ्यायला माझी हरकत नाही, कारण तोवर स्टुडिओंनी स्वतःच हंगामाची सीमा आठवडाभर मागे ओढली होती. आकाराची अट मात्र सैल करू नये. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने १९९९ च्या उन्हाळ्यात अमाप पैसा मिळवला, पण तो किरकोळ खर्चात झालेला चित्रपट होता आणि भव्यतेचे वचन त्याने कधी दिलेच नव्हते, त्याची तुलना ‘जुरासिक पार्क’च्या डायनासोरशी करणे दोघांवरही अन्याय आहे. उलट २१ जुलै २०२३ रोजी ‘बार्बी’च्या जोडीने आलेला ‘ओपनहायमर’ तीन तास माणसांना बोलायला लावतो, तरी तो आतच घ्यावा, कारण तो सर्वांत मोठ्या पडद्यासाठीच बांधलेला आणि तसाच विकलेला होता.

इथे आपल्याकडच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेचा जुलै म्हणजे मुंबई-पुण्याचा भर पावसाळा, त्यामुळे यातले कित्येक चित्रपट आपण उन्हाळी म्हणून पाहिलेलेच नसतात. काही तर वर्ष उलटल्यावर पाहिले. ‘जुरासिक पार्क’ अमेरिकेत ११ जून १९९३ रोजी लागला आणि हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला तो १९९४ मध्ये. हद्द मूळ प्रदर्शनाच्या तारखेवरूनच ठरवावी, आपल्या आठवणीतल्या सुटीवरून नव्हे.

आता पैशाविषयी. आकडे टाकून द्यायचे नाहीत, पण ते वाचायचे कसे हे माहीत हवे. तिकिटाच्या पैशातला ढोबळमानाने अर्धा भाग चित्रपटगृहांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च निर्मितीच्या खर्चात धरलेला नसतो, म्हणून निर्मितीखर्चाच्या अडीच पट गल्ला जमल्याशिवाय चित्रपट तरला असे सहसा म्हणत नाहीत. जुन्या-नव्याची तुलना करताना तिकिटाचा दर पाहावा: १९७५ मध्ये अमेरिकेत सरासरी तिकीट सुमारे दोन डॉलरचे होते, २०१९ मध्ये ते नऊ डॉलरच्या वर गेले होते. ‘आजवरचा सर्वाधिक कमाईचा’ हे शब्द या कारणाने जवळजवळ निरर्थक आहेत.

गल्ल्याच्या एकूण आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक बोलकी असते. पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारची कमाई ही जाहिरातीची कमाई; त्यानंतरची ती चित्रपटाची. ऑगस्ट १९९९ मध्ये आलेल्या ‘द सिक्स्थ सेन्स’ने पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत पावणेतीन कोटी डॉलरच्या आसपास मिळवले आणि शेवटी २९ कोटींचा टप्पा ओलांडला, म्हणजे सलामीच्या अकरा पट. पाहून आलेल्याने दुसऱ्याला सांगितल्याखेरीज असे होत नाही. ‘टॉप गन: मॅव्हरिक’ची सलामी १२ कोटींच्या वर होती, तरी २०२२ च्या उन्हाळ्यात त्याने तिच्या साडेपाच पटींहून अधिक मजल मारली, आणि एवढ्या मोठ्या सलामीनंतर हे फार दुर्मीळ आहे. याउलट २००३ चा ‘हल्क’: पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी ६.२ कोटी डॉलर, पुढच्या शुक्रवार-शनिवार-रविवारी १.९ कोटी. ही घसरण लोकांचा अपेक्षाभंग झाल्याचे सांगते, चित्रपट वाईट असल्याचे नव्हे. दिग्दर्शक अँग ली यांनी त्यात पडद्याची कॉमिकच्या पानासारखी केलेली चौकटींची मांडणी मला आजही पाहावीशी वाटते. म्हणजे चालीवरून उमेदवार निवडावेत, निकाल देऊ नये.

समीक्षेच्या टक्केवारीचेही तसेच. समीक्षा गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरचा ९० टक्के हा आकडा म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण असा समज सर्रास दिसतो. तो आकडा फक्त एवढेच सांगतो की दहातल्या नऊ समीक्षकांना चित्रपट एकंदरीत बरा वाटला. सगळ्यांना जेमतेम बरा वाटला तरी शंभर टक्के मिळतात. ‘मेटाक्रिटिक’ हे दुसरे संकेतस्थळ समीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी, म्हणजे काहींच्या मताला अधिक वजन देऊन केलेली सरासरी, काढते, त्यामुळे निर्विघ्न पण सपाट चित्रपट तिथे ओळखू येतो. ‘सिनेमास्कोर’ ही पाहणी संस्था पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते, आणि पहिल्या रात्री जातात ते बहुतेक आधीच प्रेमात पडलेले, त्यामुळे तिथली बी श्रेणीसुद्धा नाराजीच समजावी. हे तिन्ही आकडे मिळून जास्तीत जास्त अर्ध्या तासाचे काम आहे. त्याहून अधिक वेळ त्यांना देऊ नये.

खरा वेळ द्यावा तो एका प्रसंगाला. प्रत्येक उमेदवाराचा सर्वांत गाजलेला प्रसंग निवडून तो तीनदा पाहावा: एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा चित्राकडे पाठ करून नुसता ऐकत. आवाज बंद केल्यावर कोण कुठे उभे आहे, कोणाला कोणापासून धोका आहे आणि आत्ता काय बदलले हे कळत राहिले, तर दिग्दर्शकाला आपले काम येते. नुसते ऐकताना संगीत सतत घोकंपट्टी करत असेल, भीती वाटावी म्हणून ढोल आणि गहिवरून यावे म्हणून व्हायोलिन असा मारा असेल, तर चित्रातून जे साधले नाही ते आवाजाकडून वसूल करून घेतले जात आहे असे समजावे.

‘जॉज’मधला समुद्रकिनाऱ्यावरचा प्रसंग या पद्धतीने पाहण्यासारखा आहे. पोलीस प्रमुख ब्रोडी वाळूवर बसून पाण्याकडे पाहतो आहे; समुद्रात शार्क आहे अशी त्याला भीती आहे, पण गावाच्या कमाईचा हंगाम असल्यामुळे किनारा बंद करू दिलेला नाही. कॅमेऱ्यासमोरून माणसे येत-जात राहतात आणि प्रत्येक जण आडवा गेला की आपण ब्रोडीच्या चेहऱ्याच्या आणखी जवळ पोहोचलेलो असतो. एका चित्रावरून दुसऱ्यावर जाणारा कट दिसतच नाही, नुसती घालमेल वाढत जाते. पाण्यातून काळे काहीतरी वर येते, ती एका म्हाताऱ्याची पोहण्याची टोपी निघते. एक मुलगी किंचाळते, तर तिला मित्राने खांद्यावर उचललेले असते. लोक ब्रोडीशी बोलायला येतात, त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे लागलेली. मग काठी आणायला पाण्यात गेलेला कुत्रा दिसेनासा होतो आणि काठी तेवढी तरंगत राहते. पुढे जे होते ते काही क्षणांत होऊन जाते, आणि तेव्हा ब्रोडीचा चेहरा तिथेच राहून मागचा किनारा जणू दूर सरकतो. या सगळ्यात शार्क नीट दिसतही नाही. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडत असल्यामुळे तिला लपवणे भागच पडले हे प्रसिद्धच आहे. पण लपवलेल्या शार्कच्या जागी काय ठेवायचे हे स्पीलबर्ग आणि संकलक व्हर्ना फील्ड्स यांना कळले होते, आणि फील्ड्स यांना त्या संकलनासाठी ऑस्करही मिळाले. भव्य धोका एका माणसाच्या नजरेत आणून ठेवला आहे. उत्तम म्हणतात ते याला.

‘जुरासिक पार्क’ची गोष्ट फार वेगळी नाही. दोन तासांहून लांब असलेल्या त्या चित्रपटात डायनासोर दिसतात ते सगळे मिळून सुमारे पंधरा मिनिटे. टी-रेक्स कुंपण तोडून गाडीवर येतो त्या हल्ल्यात जॉन विल्यम्स यांचे संगीतच नाही. पाऊस, श्वास, काच आणि मुलांच्या किंकाळ्या यांवर तो प्रसंग उभा आहे. त्याआधी पेल्यातल्या पाण्यावर उठणाऱ्या वर्तुळांनी आपल्याला पुरते बांधून ठेवलेले असते. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (मे २०१५) याच्या अगदी उलट टोकाला आहे: तिथे लपवलेले काही नाही, दोन तास जवळजवळ अखंड पाठलाग आहे आणि कट इतके वेगवान की दुसऱ्या कोणी केले असते तर डोके दुखले असते. ते दुखत नाही, कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यभागी ठेवली, त्यामुळे प्रत्येक नव्या चित्रात डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. मार्गारेट सिक्सेल यांचे संकलन हे त्या चित्रपटाला मिळालेल्या सहा ऑस्करपैकी एक. उत्तमाची कसोटी शैली पाहत नाही हे दाखवायला ‘जॉज’ आणि ‘फ्युरी रोड’ शेजारी ठेवणे पुरेसे आहे.

आपल्या चित्रपटगृहांत पाहिलेल्या चित्रपटांबाबत इथे एक सावधगिरी हवी. हॉलिवूडचे चित्रपट मध्यंतराशिवाय बांधलेले असतात आणि आपल्याकडे त्यांत मध्यंतर घुसवले जाते, कधी ऐन पाठलागाच्या मध्ये. उत्तरार्ध थंड वाटला अशी आठवण असेल, तर तो दोष चित्रपटाचा की समोशाच्या रांगेचा, हे घरी एका बैठकीत पाहून ठरवावे.

मग काळाची कसोटी. २५ जून १९८२ या एकाच दिवशी ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ लागले आणि दोघांनाही प्रेक्षकांनी फारसे विचारले नाही. दोन आठवडे आधी आलेल्या ‘ई.टी.’च्या गोड पाहुण्यापुढे हे दोन्ही काळोखे चित्रपट कोणाला नको होते. आज दोघांनाही अभिजात मानतात. ‘द थिंग’च्या संगीतासाठी एन्निओ मॉरिकोने यांना त्या वेळी ‘रॅझी’चे, म्हणजे वर्षातल्या सर्वांत वाईट कामाला दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे, नामांकन मिळाले होते. त्याच चित्रपटासाठी रचलेले आणि न वापरलेले काही संगीत पुढे ‘द हेटफुल एट’मध्ये आले आणि त्या चित्रपटाने मॉरिकोने यांना २०१६ मध्ये ऑस्कर मिळवून दिले. १९८१ पासून दिल्या जाणाऱ्या या रॅझींनी पहिल्याच वर्षी ‘द शायनिंग’साठी स्टॅन्ली कुब्रिक यांना सर्वांत वाईट दिग्दर्शकाचे नामांकन दिले होते, हेही लक्षात ठेवावे आणि त्यांची यादी करमणुकीपुरतीच वाचावी. ऑस्करचाही फार आधार घेऊ नये: २००८ च्या ‘द डार्क नाइट’ला सर्वोत्तम चित्रपटाचे नामांकन मिळाले नाही आणि पुढच्याच वर्षी त्या विभागातली नामांकने पाचांवरून दहा करण्यात आली. या सगळ्यामुळे निदान पाच वर्षे जुने झाल्याशिवाय कोणत्याही चित्रपटाला दोन्हींपैकी एकाही यादीत पक्की जागा देऊ नये.

वाईटांची यादी अधिक अवघड असते, आणि लोक ती अधिक बेपर्वाईने करतात. आपटलेला चित्रपट आणि वाईट चित्रपट यांची गल्लत इथेच होते. १९९५ चा ‘वॉटरवर्ल्ड’ त्याच्या काळातला सर्वांत महाग चित्रपट होता, आणि त्याच्या खर्चावर इतके विनोद झाले की चित्रपट पाहण्याआधीच लोकांचे मत बनले. प्रत्यक्षात पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तीची त्यातली रचना आणि तिच्यावरचा हल्ला चांगला जमलेला आहे. २०१३ चा ‘द लोन रेंजर’ डिस्नीला फार महागात पडला, आणि तो लांबलेला, सूर न सापडलेला चित्रपट आहे यात वाद नाही. पण शेवटचा दोन आगगाड्यांचा पाठलाग पाहिल्यावर त्याला तळाला बसवायला हात धजत नाही. ज्याच्यात एक तरी प्रसंग मनापासून रचलेला आहे, त्याला सर्वांत वाईट म्हणू नये, हा माझा नियम आहे आणि तो मी सोडत नाही.

तळाची जागा कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी पुन्हा तीच प्रसंग पाहण्याची पद्धत वापरावी. जुलै २००४ च्या ‘कॅटवुमन’मध्ये नायिका आणि पोलीस अधिकारी मुलांच्या घोळक्यासमोर बास्केटबॉल खेळतात. प्रसंगाचे काम एवढेच आहे की दोघांत ओढ निर्माण व्हावी आणि तिच्या अंगात आलेली मांजराची चपळाई त्याला जाणवावी. पडद्यावर मात्र कट इतके तुटक आहेत की चेंडू कोणाच्या हातात आहे, कोण कोणत्या बाजूला आहे, याचा पत्ता लागत नाही. ती चपळ आहे हे तिच्या हालचालीतून न दिसता कात्रीतून सांगितले जाते, आणि दोघे एकमेकांकडे नीट पाहू शकतील इतका वेळ एकही चित्र टिकत नाही. आवाज बंद करून पाहिल्यास हा प्रसंग उलगडतच नाही. इथे पैसा कमी नव्हता आणि मुख्य भूमिकेतल्या हॅली बेरी ऑस्करविजेत्या होत्या. त्यांनी रॅझी स्वीकारायला व्यासपीठावर स्वतः जाऊन, हातात आपले ऑस्कर धरून भाषण केले, आणि तो प्रसंग चित्रपटापेक्षा कितीतरी चांगला रंगला.

त्याहून खालची जागा मात्र यशस्वी चित्रपटासाठी राखून ठेवावी. २००९ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स: रिव्हेंज ऑफ द फॉलन’ने जगभरात ८३ कोटी डॉलरहून अधिक कमावले. त्याची तयारी हॉलिवूडच्या लेखकांच्या संपाच्या काळात झाली आणि दिग्दर्शकाला बराच काळ आराखड्यावरच काम रेटावे लागले. ते कारण समजण्यासारखे असले तरी पडद्यावर अडीच तास जे दिसते ते बदलत नाही. करड्या रंगाचे यंत्र करड्या रंगाच्या यंत्राशी भिडते, कोण आपला आणि कोण परका हे ओळखू येत नाही, आणि एवढा विध्वंस होऊनही कोणा पात्राचे काही बिघडल्यासारखे वाटत नाही. वाईटपणाची खूण म्हणतात ती हीच: सगळे कोसळते आणि कोणालाच काही होत नाही. जून १९९७ चा ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ही याच वर्गातला, कारण त्यातले पोशाख, वाहने आणि शस्त्रे खेळण्यांच्या दुकानाकडे डोळा ठेवून बेतलेली होती, पण त्याचे दिग्दर्शक जोएल शूमाकर यांनी पुढे प्रेक्षकांची जाहीर माफी मागितली, शिवाय त्यातले भडक रंग निदान डोळ्याला ओळखू येतात, म्हणून मी त्याला एक पायरी वर ठेवीन.

क्रम लावताना दहा-वीस नावे एकदम समोर घेऊ नयेत. दोन-दोन चित्रपट शेजारी ठेवून, आज रात्री पुन्हा पाहायचा झाला तर यातला कोणता, एवढेच विचारत वर सरकावे. वाईटांच्या बाबतीत, यातला कोणता पुन्हा पाहायला लावला तर अंगावर काटा येईल, हे विचारावे. प्रत्येक नावापुढे एका प्रसंगाचे नाव लिहावे. ज्याच्यापुढे प्रसंग आठवत नाही, नुसती कमाई किंवा नुसती बदनामी आठवते, त्याला दोन्ही याद्यांतून काढून टाकावे. अशी नावे पहिल्या खेपेला निम्म्याच्या आसपास निघतात, आणि उरलेल्यांचा क्रम मग फारशी खळखळ न करता लागतो. बालपणी पाहिलेला चित्रपट यादीत असेल तर त्याला एक खूण करून ठेवावी आणि त्याच वयाच्या एखाद्या मुलासोबत तो पुन्हा पाहावा. मूल फोनकडे वळते ती जागा नोंदवून ठेवली, तर त्या चित्रपटाला किती पायऱ्या खाली आणायचे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.